जंगीपूरचा पंजा

बंगालातल्या जंगीपूरला जुलै १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या पंचविशीतल्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. करारपत्र कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिले होते, म्हणजे माणूस लिहिता-वाचता होता. तो सही करणार तेवढ्यात हर्शेलने त्याला थांबवले, कचेरीच्या शिक्क्याची तेलकट शाई त्याच्या तळव्याला आणि बोटांना फासली आणि अख्खा पंजा कागदाच्या पाठीवर दाबून घेतला. उद्या याने सही नाकारू नये म्हणून त्याला धाक बसवायचा होता, असे हर्शेलनेच पुढे लिहून ठेवले आहे. सत्तावनचा उठाव नुकताच शमत होता आणि साहेबाचा नेटिवाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. आपल्या आजच्या ओळखपत्राचे मूळ मला या पंजात दिसते. त्या ठशाने ओळख पटवण्याच्या आधी जरब बसवण्याचे काम केले.

जरब बसते म्हटल्यावर ठशाची कामे वाढत गेली. हर्शेल हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना १८७७ मध्ये त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर वारल्यावर त्याच्या नावाने दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा हेतू. दस्तनोंदणीला ठसा आला, तुरुंगातल्या कैद्यांनाही आला. आज बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी बोट टेकवणारे आजोबा आणि सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा देणारा शेतकरी हुगळीचीच रीत पाळतात.

अडचण एकच होती, हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा? ती सोडवली कलकत्त्याच्या दोन हिंदी माणसांनी, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांच्या रेषांवरून १,०२४ खणांची वर्गवारी त्यांनी बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले आणि १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. नाव मात्र लागले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. हा अन्याय आजही पुरता धुतला गेलेला नाही.

आता ठसा कपाटात राहू लागला आणि सरकारच्या हाती माणसावर कायमची नजर ठेवायचे साधन आले. त्याची पहिली झळ ज्यांना बसली त्यांत आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. १९११ च्या कायद्याने नोंद झालेल्या कुणाचेही ठसे घेण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटला दिला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा. चोरी केली की नाही हे कुणी विचारत नव्हते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

ठशाला पहिला मोठा नकार मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने फर्मान काढले: आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने दहाही बोटांचे ठसे द्यावेत, परवाना जवळ बाळगावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा. परवाना तपासायला पोलीस घरातही शिरू शकणार होते. गांधींनी याच हेन्रींचे पुस्तक वाचले होते आणि दहा बोटांची सक्ती फक्त गुन्हेगारांवर असते हे त्यातून त्यांच्या ध्यानात आले होते. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात लोकांनी हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. पुढे तडजोड झाली आणि गांधी आपखुशीने नाव नोंदवायला निघाले, तेव्हा मीर आलम या पठाणाने त्यांना रस्त्यातच काठीने बडवले. बरे वाटायच्या आत गांधींनी ठसे दिले. सक्तीचा ठसा आणि आपखुशीचा ठसा यांत त्यांना जमीन-अस्मानाचा फरक दिसत होता. सरकारने मात्र कायदा मागे घेतला नाही. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या लोखंडी कढईत रॉकेल ओतून दोन हजारांवर परवाने जाळले. त्या गर्दीतून मीर आलम पुढे आला, आपण मारले ते चुकले असे म्हणाला आणि आपला जुना परवाना त्याने जाळायला दिला.

गोऱ्यांच्या देशातही सक्तीची ओळख टिकली नाही. ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धासाठी ओळखपत्र काढले, तेव्हा त्याचे तीन हेतू होते. १९५० पर्यंत ते ३९ सरकारी खात्यांच्या कामी लागले होते. त्या वर्षी क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाने पोलिसाला कार्ड दाखवायला साफ नकार दिला. खटला वरच्या कोर्टात गेला. शिक्षा कायद्याप्रमाणे ठरली, पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरल्याने सरळमार्गी लोक कायद्याच्या विरोधात जातात, असे सरन्यायाधीश गोडार्ड यांनी सुनावले. फेब्रुवारी १९५२ मध्ये ते कार्ड रद्द झाले.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगला होता आणि मी तो खरा मानतो. पण नोंदणी ऐच्छिक म्हणता म्हणता आधार रेशन, पॅन, बँक, मोबाइल असे पसरत गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. पुढच्या वर्षी आधार चार विरुद्ध एक मतांनी टिकले आणि बँक व मोबाइलची सक्ती गेली. ते एक विरोधी मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशन दुकानात ‘अंगठा येत नाही’ हे ऐकावेच लागते. ज्याच्यासाठी यंत्र आणले, त्यालाच ते ओळखत नाही.

आणि २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या माणसाचे ठसे, बुबुळे अशा नोंदी ७५ वर्षे ठेवायची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची तरतूद आहे, पण अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर. चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. ज्याच्या पणजोबाचा ठसा १९११ च्या कायद्याने घेतला, त्या पोराचा ठसा आता या कायद्याने घेतला जाईल. तो पुसून घ्यायला त्याने वकील कुठून आणायचा, याचे उत्तर मला त्या कायद्यात सापडत नाही.