वऱ्हाडातील ख्रिस्ती समाज आणि बायबलमधील अंत्यकाळविषयक भविष्यवाणी : एक ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलेल्या ख्रिस्ती मिशनांचा अभ्यास प्रामुख्याने शिक्षण, आरोग्यसेवा आणि धर्मांतर या तीन अंगांनी झालेला आहे. ही मिशने ज्या धर्मश्रद्धेच्या बळावर अकोला, अमरावती, खामगाव यांसारख्या ठिकाणी आली, तिच्याकडे मात्र इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या श्रद्धेचा एक आधारस्तंभ म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाची व जगाच्या अंत्यकाळाची बायबलमधील भविष्यवाणी होय. या भविष्यवाणीचा अर्थ कसा लावला गेला, १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत त्या अर्थाची कसोटी कशी लागली आणि श्रद्धावंतांच्या दृष्टीने तिचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. संज्ञांचा प्रश्न

मराठी वाचकापुढे पहिली अडचण शब्दांचीच उभी राहते. 'भविष्य' म्हटले की ज्योतिषाचे भाकीत मनात येते. बायबलमधील संदेष्टा मात्र मूलतः ईश्वराच्या वतीने बोलणारा असतो. राजाला व प्रजेला अन्यायाबद्दल जाब विचारणे हे त्याचे मुख्य कार्य आणि पुढे काय घडेल हे सांगणे त्याचा एक भाग. जुन्या मराठी भाषांतरांत 'भविष्यवादी' हा शब्द आढळतो, पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला. हा बदल केवळ भाषिक नसून अर्थनिर्णयाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

दुसरा शब्द 'युग'. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायात शिष्य येशूला 'युगाच्या समाप्ती'विषयी विचारतात. मूळ ग्रीक शब्द 'आयोन' हा दीर्घ कालखंडाचा वाचक आहे. मराठी मनात मात्र युग म्हणजे कृत, त्रेता, द्वापार व कली यांचे फिरते चक्र. एक युग संपले की दुसरे सुरू होते. बायबलमधील काळाची कल्पना अशी चक्राकार नाही. तिला आरंभ आहे, दिशा आहे आणि शेवट आहे. तो शेवट म्हणजे केवळ प्रलय नसून न्याय व नवी सृष्टी होय. 'प्रकटीकरण' या अखेरच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थही 'पडदा दूर होणे' असाच आहे.

२. अर्थनिर्णयाच्या परंपरा

दानीएल व प्रकटीकरण ही पुस्तके छळाच्या काळाशी निगडित आहेत. दानीएलाच्या पुस्तकाचा संबंध बहुसंख्य आधुनिक अभ्यासक इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात राजा चौथा अँटायोकस याने यहुद्यांच्या केलेल्या छळाशी जोडतात. प्रकटीकरणाची रचना सामान्यतः रोमन सम्राट डोमिशियन याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५ च्या सुमारास झाली असे मानले जाते. आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून ते लिहिलेले आहे.

या ग्रंथाच्या वाचनाच्या चार पद्धती प्रचलित आहेत. भूतकालवादी अभ्यासक त्यातील घटना पहिल्या शतकातच घडून गेल्या असे मानतात. इतिहासक्रमवादी त्यात चर्चच्या संपूर्ण इतिहासाचा आराखडा पाहतात. भावीकालवादी त्यातील बहुतांश भाग अद्याप घडावयाचा आहे असे समजतात. तर प्रतीकवादी त्यात सत् व असत् यांच्या नित्य संघर्षाचे चित्र पाहतात. विसाव्या अध्यायातील सहस्र वर्षांच्या राज्याबाबतही तीन मते आहेत. ख्रिस्त त्या राज्यापूर्वी येईल हे सहस्रवर्षपूर्व मत; चर्चच्या कार्यातून ते राज्य आधी साकार होईल व नंतर तो येईल हे सहस्रवर्षोत्तर मत; आणि सहस्र वर्षे हे वर्तमान काळातील ख्रिस्ताच्या सत्तेचे प्रतीक आहे हे तिसरे मत. या तिसऱ्या मताला पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांच्या 'देवनगरी' या ग्रंथाने बळ दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व ब्रिटनमधील अनेक नव्या मिशनांनी सहस्रवर्षपूर्व मत स्वीकारले. वऱ्हाडाच्या इतिहासाशी या मताचा निकटचा संबंध येतो.

३. वऱ्हाडातील मिशनकार्य आणि मत्तय २४:१४

ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेचे संस्थापक अल्बर्ट बेंजामिन सिम्प्सन (१८४३–१९१९) हे मूळचे कॅनडातील प्रेस्बिटेरियन पाळक होते. १८८७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या दोन संस्था १८९७ मध्ये एकत्र येऊन ही संस्था आकारास आली. सिम्प्सन यांच्या शिकवणुकीचे सार 'चतुर्विध सुवार्ता' या नावाने ओळखले जाते : ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा आहे. संस्थेच्या बोधचिन्हातील मुकुट याच चौथ्या तत्त्वाचा निदर्शक होय.

अलायन्सच्या मराठी भाषिक कार्याचे केंद्र अकोला हे होते. अमरावती व खामगाव येथेही तिची ठाणी होती. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या भुसावळ–नागपूर लोहमार्गामुळे व कापसाच्या बाजारपेठांमुळे हा प्रदेश मुंबईशी जोडला गेला होता, हे या केंद्रांच्या निवडीमागील एक व्यावहारिक कारण मानता येईल. परंतु कार्यामागील प्रेरणा मत्तय २४:१४ या वचनात होती. राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांना साक्षीदाखल सांगितली जाईल आणि त्यानंतर शेवट होईल, असा त्या वचनाचा आशय आहे. सिम्प्सन यांनी त्याचा अर्थ कार्यक्रमाच्या स्वरूपात घेतला. शेवटच्या जमातीपर्यंत संदेश पोहोचणे ही पुनरागमनाची पूर्वअट आहे, असे मानल्यामुळे दूरच्या खेड्यालाही विलक्षण महत्त्व प्राप्त झाले. मेळघाटातील कोरकूंसाठी याच शतकाच्या अखेरीस स्वतंत्र मिशन सुरू झाले, ते 'सर्व राष्ट्रे' या शब्दांच्या अशा वाचनाशी सुसंगत होते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेणे आवश्यक आहे. जग लवकरच संपणार असे मानणारा मनुष्य ऐहिक कार्याविषयी उदासीन होईल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. वऱ्हाडात मात्र हीच श्रद्धा बाळगणाऱ्यांनी भाषा शिकून घेतली, शाळा व अनाथालये उघडली. अकोट येथे कार्य केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. अर्थात, या कार्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मिशनरी व पाश्चात्त्य होती, हेही नोंदवले पाहिजे.

४. दुष्काळाची कसोटी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव झाला, १८९६–९७ मध्ये दुष्काळ पडला आणि १२ जून १८९७ रोजी आसामात महाभूकंप झाला. त्यापाठोपाठ १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ आला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ इतकी खाली आली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे ५ टक्के घट झाली. दुष्काळ, रोगराई व भूकंप ही लूक २१:११ मधील चिन्हे एका वर्षाच्या आत एकाच देशात दिसावीत, हा योग अंत्यकाळाची वाट पाहणाऱ्या वाचकाला सूचक वाटणे स्वाभाविक होते.

परंतु येथेच अर्थनिर्णयाचा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. दारात आलेले उपाशी मूल हे भविष्यवाणीच्या पूर्ततेचे 'चिन्ह' की 'शेजारी'? मूलग्रंथातील मत्तयाचे दोन अध्याय एकत्र वाचल्यास उत्तर स्पष्ट होते. चोविसाव्या अध्यायात दुष्काळांचा उल्लेख करतानाच हा शेवट नव्हे, ही वेदनांची केवळ सुरुवात आहे, असे बजावले आहे (२४:६–८). त्या दिवसाचे व घटकेचे ज्ञान पित्यावाचून कोणालाही नाही, असेही म्हटले आहे (२४:३६). पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात निकष एकच आहे : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी व परक्याला आसरा दिला की नाही (२५:३१–४६). भविष्यवाणीचा शेवट गणिताने होत नाही, भाकरीने होतो.

दुष्काळात अलायन्सने अनाथ मुलामुलींना आश्रय दिला. खामगाव येथील मुलींचे अनाथालय याच कार्यातून पुढे आले. या मदतीने अनेक जीव वाचले. त्याचबरोबर, अन्नासोबत धर्मशिक्षणही दिले जात असल्याने स्थानिक समाजात संशय निर्माण झाला, आणि तो निराधार होता असे म्हणता येत नाही. संदेश किती लोकांपर्यंत पोहोचला यावर शेवटाचे आगमन अवलंबून आहे असे मानले, की संख्येला अवाजवी महत्त्व येण्याचा धोका संभवतो. मत्तय २४:१४ हे वचन पंचविसाव्या अध्यायापासून वेगळे काढून वाचण्यातून हा धोका निर्माण होतो.

५. विसाव्या शतकातील स्थिती : एक प्रदेश, अनेक भूमिका

विसाव्या शतकात अंत्यकाळाच्या चर्चेला वारंवार उधाण आले. पहिले महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ ही त्यातील ठळक निमित्ते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या साथीची सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर अंजिराच्या दृष्टांतावरून (मत्तय २४:३२) एका पिढीचा हिशेब मांडला गेला. अमेरिकन लेखक हॅल लिंडसे यांच्या १९७० मधील पुस्तकाने तो जगभर लोकप्रिय केला. परंतु चाळीस वर्षांची ती मुदत १९८८ मध्ये उलटून गेली. त्यापूर्वी विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित केली होती, तीही फोल ठरली होती.

वऱ्हाडातील चर्चेस या प्रश्नावर एकमताची नाहीत. अलायन्सची परंपरा सहस्रवर्षपूर्व मताची आहे. वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय चालविणारे नाझरीन चर्च पुनरागमन मान्य करते, पण सहस्र वर्षांच्या कोणत्याही एका उपपत्तीचा आग्रह धरीत नाही. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती कॅथलिक धर्मप्रांतात पुनरागमनाची श्रद्धा मिस्सातील श्रद्धांगीकारातून व नाताळपूर्व आगमनकाळातून व्यक्त होते. सहस्रवर्षीय ऐहिक राज्याची कल्पना कॅथलिक चर्चने नाकारली आहे. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेल्या व १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत विविध पंथांचे विद्यार्थी एकत्र शिकले, हेही या संदर्भात उल्लेखनीय आहे.

मते भिन्न असली तरी श्रद्धावंताच्या जीवनातील या आशेचे स्थान समान आहे. प्रभुभोजनाचा विधी ख्रिस्त येईपर्यंत करावयाचा असतो (१ करिंथ ११:२६). पुनरागमनावरील पौलाचे प्रसिद्ध विवेचन मृतांसाठी शोक करणाऱ्यांचे सांत्वन करण्यासाठी लिहिलेले आहे (१ थेस्सलनीका ४:१३–१८). त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, रिकामे बसणाऱ्यांनी काम करून स्वतःची भाकर खावी, असे खडसावले आहे (३:१०–१२). सांत्वन आणि श्रम या दोन्ही गोष्टी एकाच आशेतून निघतात.

निष्कर्ष

१. बायबलमधील अंत्यकाळविषयक भविष्यवाणी छळाच्या विशिष्ट परिस्थितीत उदयास आली. ती परिस्थिती दुर्लक्षून केवळ चालू घटनांशी तिची सांगड घालणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरते.

२. वऱ्हाडातील अलायन्सच्या कार्यामागे मत्तय २४:१४ चे सहस्रवर्षपूर्व वाचन ही प्रभावी प्रेरणा होती. त्यातून कार्याची निकड आणि संख्येचा मोह या दोन्ही गोष्टी उद्भवू शकतात.

३. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनी या वाचनाची परीक्षा घेतली. उपाशी माणूस चिन्ह नसून शेजारी आहे, असे मानणारे वाचनच मूलग्रंथाच्या आशयाशी अधिक प्रामाणिक ठरते.

४. तारखांचे हिशेब वारंवार चुकले, तरी आशा टिकून राहिली. यावरून श्रद्धावंतांसाठी भविष्यवाणीचे मोल कालगणनेत नसून सांत्वनात, सजगतेत व कर्तव्यात आहे, असे म्हणता येते.

५. मिशनच्या इंग्रजी साधनांतून मुख्यतः मिशनऱ्यांचीच बाजू कळते. अकोला व अमरावती परिसरातील मराठी भाषिक ख्रिस्ती कुटुंबांच्या मौखिक आठवणी, भजने व मंडळ्यांची दप्तरे यांचे संकलन जुनी पिढी हयात असेपर्यंत होणे अगत्याचे आहे.