हातोडाफेक: जाळी असूनही मैदान मोकळं का ठेवतात?

गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक आपल्या ओळखीची आहे. फेकीचा चौथा प्रकार म्हणजे हातोडाफेक किंवा हॅमर थ्रो. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. १९ वर्षांखालील मुलामुलींच्या अशा स्पर्धांमध्ये हातोडाफेकही असते. त्यामुळे या खेळातला धोका विद्यार्थी, पालक आणि स्वयंसेवकांनाही ठाऊक हवा.

हातोडा कसा असतो?
हा सुताराचा हातोडा नाही. धातूचा गोळा, त्याला जोडलेली पोलादी तार आणि टोकाला मूठ असते. एकूण वजन पुरुषांसाठी ७.२६ किलो, महिलांसाठी ४ किलो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १८ वर्षांखालील मुलांसाठी ते ५ किलो आणि मुलींसाठी ३ किलो असतं.

फेक कशी होते?
खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात उभा राहतो. आधी हातोडा डोक्याभोवती फिरवतो, मग त्याच्यासकट तीन-चार गिरक्या घेऊन तो सोडतो. अव्वल खेळाडूंच्या हातून सुटताना हातोड्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर असतो. पुरुषांचा जागतिक विक्रम ८६.७४ मीटरचा आहे. सोव्हिएत संघाच्या युरी सेदिख यांनी तो १९८६ मध्ये केला. ‘महाभारत’ मालिकेतले भीम, प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६ च्या आशियाई स्पर्धेत याच खेळात कांस्यपदक मिळवलं होतं.

मग धोका कुठे आहे?
हातोडा गोल फिरत असतो. हात क्षणभर आधी किंवा उशिरा सुटला, तरी दिशा बदलते. म्हणून वर्तुळाभोवती उंच जाळी असते. पण फेकीसाठी ती पुढून उघडीच ठेवावी लागते. फेक वैध ठरण्यासाठी हातोडा सुमारे ३५ अंशांच्या पट्ट्यात पडावा लागतो. नियमाप्रमाणे बांधलेल्या जाळीतूनही तो सुमारे ५३ अंशांच्या पट्ट्यात जाऊ शकतो. म्हणजे आखलेल्या रेषांच्या बाहेरही जागा सुरक्षित नसते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळमधल्या पाला इथे राज्य ज्युनिअर स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी सुरू होती. भालाफेकीच्या मदतीला असलेल्या एका शाळकरी स्वयंसेवकाच्या डोक्याला हातोडा लागला. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

काय लक्षात ठेवायचं?
हातोडाफेक सुरू असताना शेजारी दुसरी फेक नको. हातोडा आणायला जाणाऱ्यांनी इशारा मिळाल्यावरच मैदानात उतरावं आणि फेकणाऱ्याकडे पाठ करू नये. जाळी नसेल, तर सरावही करू नये.