तळटीप : ‘तापलेला’ ऑक्सिजन

* ‘तापलेले अणू’ हा शब्द लेखकाने शास्त्रज्ञांच्या बोलीतून जसाच्या तसा उचलला आहे. एकट्या अणूला तापमान नसते. इथे अर्थ एवढाच की हे अणू भोवतालच्यांपेक्षा कितीतरी वेगवान आहेत. १००० केल्व्हिनच्या वायूत अणूची सरासरी गतिज ऊर्जा जेमतेम ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. आता २०० ते ३०० किलोमीटर उंचीवरचा धनभारित ऑक्सिजनचा एकच रेणू पाहा. त्याला मोकळा इलेक्ट्रॉन भेटतो, भार मिटतो आणि रेणू दुभंगतो. सुटलेली जवळजवळ ७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दोन्ही अणूंनी निम्मी निम्मी घेतली, तर ते सेकंदाला सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने विरुद्ध दिशांना फेकले जातात. बहुतेक वेळा मात्र काही ऊर्जा अणूच्या उत्तेजनेत अडकते आणि वेग कमी पडतो. ही अडकलेली ऊर्जाही महत्त्वाची आहे : उत्तेजित अणू नायट्रोजनच्या रेणूवर आदळला, तर तिचा काही भाग पुन्हा वेगात उतरतो; टक्कर टळली, तर तीच ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश होऊन बाहेर पडते. नायट्रिक ऑक्साइडचा धनभारित रेणू दुभंगतानाही वेगवान ऑक्सिजन मिळतो. उत्तेजित नायट्रोजन अणू आणि ऑक्सिजन रेणू यांच्या प्रक्रियेतूनही.

या मार्गांनी मिळणारी ऊर्जा पृथ्वी सोडायला पुरत नाही. त्यासाठी ऑक्सिजन अणूला सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; मंगळावर सुमारे २ पुरतात. म्हणून पुढच्या ओळीतले ‘निसटून जातात’ हे शब्द वाचकांनी मंगळापुरतेच घ्यावेत.