जुन्या सागवानापासून नक्षीदार फर्निचर: पटाशी चालवण्याआधी फोन कुठे कामाला येतो?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीपासून बोरचं जंगल जवळच आहे. बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. म्हणजे साग डोळ्यांसमोर, पण तिथली फांदीसुद्धा तोडून आणता येत नाही, आणि ते बरंच आहे. मात्र अशा गावांत आणखी एक सागवान असतं, त्याकडे कुणी बघत नाही. जुन्या घरांच्या तुळया, खांब, चौकटी, वासे. स्लॅबचं घर बांधायचं ठरतं, कवेलू उतरतात, जेसीबी येतो आणि अंगणात लाकडाचा ढीग पडतो. त्यातलं बरंचसं किलोच्या भावाने सरपणात जातं.

हेच लाकूड वापरून हाताने कोरलेला देव्हारा, चौरंग, बंगई किंवा जुन्या घाटाची खुर्ची कशी करतात, आणि त्यात तुमच्या खिशातला फोन नक्की कुठे उपयोगी पडतो, ते या लेखात बघू. आधीच सांगतो, कोरायचं काम फोन करत नाही. पण कोरण्याआधीच्या चुका, ज्या एकदा झाल्या की दुरुस्त होत नाहीत, त्यातल्या बऱ्याच तो टाळू शकतो.

जुनं लाकूड एवढं मोलाचं का?

ताज्या लाकडात पाणी असतं. ते वाळताना लाकूड आकसतं, वाकतं, फाटतं. पन्नास-साठ वर्षं छपराखाली राहिलेल्या तुळईचं हे सगळं होऊन गेलेलं असतं. वाकायचं तेवढं ती वाकून बसलेली असते. शिवाय जुन्या तुळया जाड झाडांच्या असल्याने त्यात आतलं पक्कं लाकूड जास्त मिळतं. सागाचं नैसर्गिक तेल आणि वाळवीला होणारा विरोध याच भागात असतो. बाहेरच्या फिकट थराला वाळवी आरामात लागते.

एक हिशेब करून बघा. ६ इंच बाय ६ इंच जाडीची १० फूट लांब तुळई म्हणजे अडीच घनफूट लाकूड. वाळलेल्या सागवानाचं वजन घनफुटाला साधारण १८ किलो धरलं, तर ही तुळई ४५ किलोच्या आसपास भरते. सरपण म्हणून ती काही दिवसांची चूल. घनफुटाने मोजली तर टोकं, भेगा आणि किडका भाग काढूनही त्यात एक बऱ्यापैकी देव्हारा बसतो.

आधी फोटो, मग करवत

ढिगातल्या एखाद्या तुकड्यावर आधीच कोरीव काम असेल, म्हणजे गणेशपट्टी, महिरप, केळफूल किंवा सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, तर तो कापू नका. अख्खा ठेवा. नागपूरच्या महालातला भोसल्यांचा राजवाडा लाकडी कोरीव कामासाठी नावाजलेला होता. १८६४ साली तो जळाला आणि त्याबरोबर ते कामही गेलं. त्या काळी मोबाइल कॅमेरा नव्हता. आपल्याकडे आहे, आणि तरीही चौकटी फोटोशिवाय चुलीत जातात, याला काय म्हणायचं?

जुना घाट कसा असतो हे डोळ्यांत बसवायचं असेल तर पुण्याचा विश्रामबाग वाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला हा वाडा, १८०७ चा. तिथले सुरूचे खांब जवळून पाहता येतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारं-खिडक्या आहेत. मुंबईची परंपरा याहून वेगळी. एकोणिसाव्या शतकात तिथे शिसवी लाकडाच्या, पाठ-पाय-हात सगळीकडे कोरलेल्या खुर्च्या आणि सोफे बनायचे. युरोपातला घाट आणि आपल्याकडची पानं-फुलं-पक्षी असं ते मिश्रण होतं. आपल्या मराठी घरांत खुर्ची उशिरा आली. त्याआधी पाट, चौरंग, पेटारा, देव्हारा आणि बंगई. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हात घालायचा तो चौरंगाला. सिंहासनाचे फोटो बघून सुरुवात केली की लाकूडही जातं आणि हौसही.

घर पाडण्याआधी लाकूड जागेवर असतानाच फोटो काढा. लोकेशन सुरू ठेवा, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि जागा नोंदली जाते. याचा उपयोग फक्त आठवणीपुरता नाही. सागवान एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो, आणि रंधा मारलेलं जुनं लाकूड बघून ते घरातलं की जंगलातलं हे पटकन कळत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी तर नाहीच. त्यामुळे गाडी भरण्याआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. देशभरासाठी 'नॅशनल ट्रान्झिट पास सिस्टीम' नावाची ऑनलाइन सोय डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आहे. तिच्यातून मिळणाऱ्या पासवर क्यूआर कोड असतो. एक बारीक गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की आतली तारीख-जागेची माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती राहते. मूळ फाइल मात्र फोनमध्ये जपून ठेवा.

फोनने खिळे कसे शोधायचे?

जुन्या लाकडाचा खरा शत्रू म्हणजे आत गंजून बसलेला खिळा. डोकं तुटलेलं असतं, वर रंगाचा थर असतो, दिसत काहीच नाही. मशीनच्या करवतीला तो लागला तर पातं तुटून अंगावर येऊ शकतं. पटाशीला लागला तर धारेचा तुकडा उडतो.

फोनमधला कंपास चालतो तो मॅग्नेटोमीटर नावाच्या सेन्सरवर. हा सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि ते मायक्रोटेस्लामध्ये सांगतो. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. जवळ लोखंड आलं की हा आकडा हलतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप घ्या आणि त्यातला मॅग्नेटोमीटर उघडा. तीन दिशांचे वेगवेगळे आकडे दिसतील. आपल्याला एकूण क्षेत्राचा आकडा हवा.

आता सेन्सर फोनमध्ये कुठे आहे ते शोधा. एक टाचणी किंवा छोटा खिळा फोनच्या पाठीवरून हळूहळू फिरवा. आकडा जिथे सगळ्यात जास्त उडी मारतो, तिथे सेन्सर. बहुतेक फोनमध्ये तो वरच्या भागात सापडतो. चुंबकवालं कव्हर असेल तर काढून ठेवा. हातातलं कडं, घड्याळही काढा. मग फोन लाकडाला जवळजवळ टेकवून, त्याची दिशा अजिबात न बदलता, सरळ रेषेत सावकाश सरकवा. फोन फिरवलात तर खिळा नसतानाही आकडा बदलू शकतो, आणि सुरुवातीला सगळे इथेच फसतात. आकडा उसळला तिथे खडूने खूण करा. तुळईच्या चारही बाजूंनी हे करा.

मर्यादाही कळायला हव्यात. साधा खिळा काही सेंटिमीटर खोल असेल तोवरच सापडतो. पितळ आणि तांबं या सेन्सरला कळतच नाही, त्यामुळे जुन्या दाराच्या पितळी फुल्या आणि खिळे डोळ्यांनीच शोधायचे. स्वस्त फोनमध्ये कधीकधी हा सेन्सर नसतोच. ज्या फोनवर कंपास अ‍ॅप चालत नाही, तिथे हेही चालणार नाही. म्हणून फोनने 'काही नाही' म्हटलं तरी करवतीसमोर गॉगल घालायचाच.

नक्षी फोनमधून लाकडावर कशी उतरवायची?

समजा, आजोळच्या दारावरची वेल तुम्हाला चौरंगाच्या पट्टीवर हवी आहे. जवळ जाऊन फोटो काढला तर कडा फुगतात, कारण जवळून वाइड लेन्स आकार वाकवते. दोन पावलं मागे या, २एक्स झूम करा, फोन नक्षीला समांतर धरा. चौकटीत एक पट्टी ठेवायला विसरू नका. तिच्याशिवाय माप कळणार नाही. खोली दिसावी म्हणून एक फोटो बाजूने टॉर्च मारून काढा. समोरून फ्लॅश मारला की कोरीव काम सपाट दिसतं.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना 'फिट टू पेज' नको, 'अ‍ॅक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडायला सांगा. कागदाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ आधीच टाकून ठेवा आणि प्रिंट हातात आल्यावर ती पट्टीने मोजा. ९७ भरली तर पैसे देण्याआधीच पुन्हा काढून घ्या. उजवी-डावी बाजू सारखी हवी असेल तर अर्धीच नक्षी काढून ती फोनमध्ये 'मिरर' करा. मग कार्बन पेपर ठेवून लाकडावर गिरवायचं.

थ्रीडी स्कॅनचं काय? पॉलीकॅमसारख्या अ‍ॅपमध्ये एकाच वस्तूचे चहूबाजूंनी ५०-६० फोटो, प्रत्येक आधीच्यावर अर्ध्याहून जास्त चढलेला, असे दिले तर बऱ्यापैकी मॉडेल मिळतं. काही महाग आयफोनमध्ये लायडार असतो. खोलीचं माप घ्यायला तो छान, पण पाकळीच्या कडेसारखे बारीक तपशील त्यात पुसट होतात. कोरीव कामासाठी फोटोंवरून केलेलं मॉडेलच बरं. चकाकणारं पॉलिश मात्र दोघांनाही गोंधळात टाकतं.

असं मॉडेल सीएनसी राउटरला देऊन मशीनने कोरून घेता येतं, आणि बाजारातलं बरंचसं 'कोरीव' फर्निचर तसंच बनतं. ओळखायचं असेल तर आतले कोपरे बघा. मशीनचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा थोडा गोलसर राहतो आणि दहाही फुलं अगदी एकसारखी निघतात. हाताच्या कामात कोपरा टोकदार असतो, आणि पाकळीच्या खाली पटाशी तिरकी घालून सावली पडेल अशी पोकळी केलेली असते. साध्या तीन अक्षांच्या मशीनला ते जमत नाही. मशीनच्या कामात वाईट काही नाही. पण ते हाताचं किंवा 'अँटिक' म्हणून विकणं ही फसवणूक. आणि खरोखर शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू हाती असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ती येऊ शकते; तिचा व्यापार करायला परवाना लागतो.

कोरताना

नक्षीच्या रेषेवर पटाशी उभी धरून आधी हलका ठोका मारायचा. पुढचं लाकूड सोलताना ते या रेषेपाशी थांबतं, पाकळीत घुसत नाही. मग नक्षीच्या भोवतीची जमीन खाली घ्यायची, आणि शेवटी गोल पटाशीने पाकळीला उतार द्यायचा. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने धावतात ते सतत बघावं लागतं. रेषेच्या उलट गेलात की ढलपी निघून येते, आणि जुनं, कोरडं सागवान याबाबतीत फार माफ करत नाही. एकाच गोल फुलात ही दिशा चार वेळा बदलते. हे दाखवणारं अ‍ॅप नाही. पटाशीचा आवाज आणि हाताला लागणारा विरोध यावरूनच कळतं. गावात जुने सुतारकाका असतील तर त्यांच्याजवळ एक दुपार बसा, व्हिडिओपेक्षा लवकर समजेल.

सागात सिलिका, म्हणजे वाळूतला घटक असतो. त्यामुळे धार पटकन जाते. थोड्या थोड्या वेळाने दगडावर धार लावायची तयारी ठेवा. बोथट पटाशीला जोर जास्त द्यावा लागतो, आणि हात सटकतो तो त्यामुळेच.

विदर्भाच्या हवेत सांधे कसे करायचे?

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. वर्ध्याचा मे आणि वर्ध्याचा ऑगस्ट यांत हवेतल्या ओलाव्याचा फरक मोठा. ३०० मिलिमीटर रुंद सागाच्या फळीतला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर ती कापाच्या दिशेनुसार दीड ते तीन मिलिमीटरपर्यंत फुगते किंवा आकसते. चारही बाजूंनी खिळे ठोकून घट्ट बसवली तर ती फाटणारच. म्हणून जुने कारागीर चौकटीला खाच करून फळी त्यात सैल ठेवायचे, आणि चौकटीचे कोपरे कुसू खाचेत बसवून जोडायचे. कोरलेली फळी अशीच बसवा, चिकटवू नका. कुसवाला फेविकॉल लावायचा तर रंधा मारल्यावर लगेच लावा. सागाचं तेल पृष्ठभागावर आलं की जोड नीट धरत नाही.

रंग, धूळ आणि तेलाच्या चिंध्या

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या दारांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, एन-९५ मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. लाकडाची बारीक धूळही छातीला वाईटच.

शेवटी चपडी लाखेचं पॉलिश किंवा जवसाचं तेल. लाख चकाकते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. म्हणून चौरंगाला मी जवस निवडेन. तेल पातळ लावायचं, थोड्या वेळाने पुसून घ्यायचं, वाळलं की पुन्हा. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत साठते आणि काडी न लावता त्या पेट घेऊ शकतात. भुश्याच्या ढिगाजवळ तर विचारूच नका. काम संपलं की प्रत्येक चिंधी पाण्यात भिजवा, किंवा अंगणातल्या दोरीवर एकेक मोकळी वाळत घाला, आणि मगच घरात या.