फोन घ्यायचा की खिशातला कॉम्प्युटर? मांजरीच्या उदाहरणावरून समजून घ्या

मोबाइलच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, बजेट किती? दुसरा, कॅमेरा कसा पाहिजे? पण जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा तो कुणीच विचारत नाही. तुम्हाला फोन हवाय, की ज्यावरून फोनही लावता येतो असा छोटा कॉम्प्युटर हवाय?

दिसायला दोन्ही सारखेच. काळी काच, मागे दोन-तीन कॅमेरे. त्यामुळे फरक दुकानात कळत नाही, सहा महिन्यांनी कळतो. ऐन कामाच्या वेळी अॅप बंद पडतं, नाहीतर महागडा फोन दुपारीच चार्जरला लावावा लागतो.

मांजरी बुद्रुकचंच उदाहरण घ्या. हडपसरच्या पुढचं, मुळा-मुठेकाठचं हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पुणे बाजार समितीचा उपबाजार आहे. आणि त्याच गावात उंच इमारतींमधून मगरपट्टा, खराडीला आयटीत जाणारी मंडळीही राहतात. म्हणजे एकाच घरात शेतात जाणारे वडील, बाजार आणि किराणा बघणारी आई, इंजिनिअरिंगला असलेली मुलगी आणि फक्त फोन उचलायचा असलेली आजी, असे चार जण सहज निघतील. चौघांना एकाच मॉडेलचा फोन घेतला तर निदान दोघांचे पैसे वाया जातात.

एकेकाळी ही दोन वेगळी यंत्रं होती

आज 'स्मार्टफोन' हा एकच शब्द आपण सगळ्यासाठी वापरतो. पण २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने चक्क दोन वेगळ्या प्रणाली बाजारात आणल्या होत्या. एकीचं नाव 'पॉकेट पीसी फोन एडिशन' आणि दुसरीचं 'स्मार्टफोन २००२'.

पहिली म्हणजे खरोखर खिशातला कॉम्प्युटर. मोठा टचस्क्रीन, त्यावर टोचायला काडी, वर्ड-एक्सेलची छोटी रूपं, आणि जोडीला सिम कार्ड. दुसरी म्हणजे आधी फोन आणि मग बाकी सगळं. आकडे दाबायची बटणं, टचस्क्रीन नाहीच, एका हातात मावणारा. ईमेल, कॅलेंडर त्यातही होतं, पण नंबर फिरवायला स्क्रीनकडे फार बघावं लागत नसे. गंमत म्हणजे त्या वर्षी युरोपात आलेले दोन्ही प्रकारचे पहिले गाजलेले फोन, ओटू कंपनीचा 'एक्सडीए' आणि ऑरेंजचा 'एसपीव्ही', तैवानच्या एचटीसी या एकाच कंपनीने बनवले होते.

या पॉकेट पीसींची एक खोड होती. बॅटरी पूर्ण उतरली की आतली माहिती पुसली जायची. नंबर, नोंदी, सगळं साफ. कारण माहिती रॅममध्ये ठेवलेली असे आणि रॅमला सतत वीज लागते. २००५ मध्ये आलेल्या 'विंडोज मोबाइल ५' पासून हा त्रास संपला. पण तोपर्यंत ज्याला फोन म्हणून भरवशाची वस्तू हवी होती, त्याने पॉकेट पीसीच्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं होतं.

२००७ मध्ये आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइड आलं, आणि दोन यंत्रं एकाच काचेखाली गेली. पेटीवरचा फरक पुसला गेला, वापरातला मात्र तसाच राहिला.

चुकीची निवड किती महागात पडते?

याचं ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडलंय. पोषण अभियानात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले. त्यांची रॅम होती २ जीबी. बोलण्यासाठी, फोटो पाठवण्यासाठी ते ठीक होते. पण सेविकांचं काम बोलण्याचं नव्हतं. मुलांची वजनं-उंची, गरोदर मातांच्या नोंदी, हजेरी, आहाराचं वाटप, असा रजिस्टरांचा अख्खा गठ्ठा त्या मोबाइलवर भरायचा होता. २०२१ मध्ये केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अॅप आलं आणि हे फोन त्याच्यापुढे टेकीला आले. फोन अडकतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो, त्यात अॅप इंग्रजीत, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हे मोबाइल सरकारला परत करण्याचं आंदोलनच केलं.

कुपोषित मूल कोणतं, त्याचं वजन वाढतंय की घटतंय, हे ज्या नोंदीवरून कळायचं ती नोंदच फोनमध्ये अडकून बसली. इथे फोन 'खराब' होता असं म्हणून भागत नाही. काम कॉम्प्युटरचं होतं आणि हातात फोन दिला होता.

शेतावर काय लागतं?

त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०२१ पासून, राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात कोणतं पीक आहे ते शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. पीक कर्ज, विमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी, अशा ठिकाणी ही नोंद बघितली जाते.

पुढे या अॅपमध्ये गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती लांब उभे आहात हेही दिसू लागलं. म्हणजे इथे फोनकडून तीन गोष्टी हव्यात: जागा नेमकी पकडणारं जीपीएस, भर उन्हात दिसणारा स्क्रीन आणि गावाबाहेरही टिकणारं नेटवर्क. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा कामाचा नाही, गेम खेळायचा प्रोसेसरही नाही. सिम बदलून बघा, शेजाऱ्याच्या फोनवर कोणत्या कंपनीची रेंज शेतात येते ते विचारा. मग फोन निवडा. बरेच जण उलटं करतात.

'खिशातला कॉम्प्युटर' कशाने होतो?

सगळ्यात आधी रॅम. एका वेळी किती अॅप जागी ठेवता येतील ते यावर ठरतं. माझ्या मते ज्याला फोनवर नोंदी, बँकिंग, ऑनलाइन वर्ग आणि पीडीएफ हे सगळं करायचंय त्याने आता ६ जीबीच्या खाली जाऊ नये. आणि पेटीवर '८+८ जीबी रॅम' असं छापलेलं दिसलं तर त्यातले पहिले आठच खरे. उरलेले आठ म्हणजे स्टोरेजची जागा रॅम म्हणून उसनी घेतलेली असते. ती रॅमपेक्षा खूपच हळू चालते. विक्रेता '१६ जीबी' म्हणाला तर त्याला अधिकचं चिन्ह दाखवा.

दुसरं, स्टोरेजचा प्रकार. स्वस्त फोनमध्ये बहुधा 'ईएमएमसी' असतं, थोड्या वरच्यांमध्ये 'यूएफएस'. दोन्हीत १२८ जीबी मावतात, पण वेगात फरक आहे. नवा असताना जाणवत नाही. व्हॉट्सअॅपच्या शुभेच्छांनी फोन भरत आला की ईएमएमसीवाला फोन गॅलरी उघडायलाही वेळ घेतो.

तिसरं, अपडेट. फोनला हे नाही मिळालं तरी रिंग वाजते. कॉम्प्युटर म्हणून वापरायचा असेल तर मात्र हाच त्याच्या आयुष्याचा हिशेब, कारण बँकांची आणि यूपीआयची अॅप काही वर्षांनी जुन्या अँड्रॉइडवर चालणं थांबवतात. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस २४ मालिकेपासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. पण ते महागडे फोन. स्वस्तातल्या फोनना किती वर्षं मिळणार ते मॉडेलनुसार बदलतं, म्हणून घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. काही फोन टाइप-सी केबलने थेट मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडता येतात, वर कीबोर्ड-माउस लावला की बऱ्यापैकी कॉम्प्युटर तयार. सॅमसंगच्या वरच्या फोनमधलं 'डेक्स' हे त्यातलं ओळखीचं नाव, ते २०१७ पासून आहे. पण टाइप-सीचं भोक आहे म्हणजे ही सोय आहेच असं नाही. स्वस्त फोनमध्ये त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात.

मग कॉलिंगवाला टॅबच घेतला तर?

मोठा स्क्रीन, फोनही लागतो, मुलांचा अभ्यासही होतो. ऐकायला छान आहे. पण इथे एक खड्डा आहे. टॅबला सिमची जागा आहे म्हणजे त्यावरून फोन लागतो, असं मुळीच नाही. सिमवाल्या आयपॅडमध्ये सिम फक्त इंटरनेटसाठी असतं, नेहमीचा कॉल होत नाही आणि नेहमीचा एसएमएसही जात नाही. काही अँड्रॉइड टॅबवरून कॉल लागतात, काहींवरून नाही.

आणि एसएमएस नाही म्हणजे यूपीआयची नोंदणी नाही. यूपीआय अॅप सुरू करताना बँकेत नोंदलेल्या सिमवरून त्याच यंत्रातून एक एसएमएस जावा लागतो. म्हणून टॅब घेताना दुकानातच तुमचं सिम घालून एक कॉल लावा, एक मेसेज पाठवा. दुकानदार 'होतं हो सगळं' म्हणाला तरी लावाच.

कॉल लागणारा टॅब असला तरी तो कानाला लावून बोलायची वस्तू नाही. बाजारात एका हातात मेथीच्या जुड्या आणि दुसऱ्या हातात आठ-दहा इंची टॅब, हे जमत नाही.

त्यापेक्षा अनेक घरांना परवडणारी आणि कमी बोलली जाणारी वाट म्हणजे दोन यंत्रं. खिशात साधा, चांगल्या बॅटरीचा फोन आणि घरात फक्त वायफायवर चालणारा टॅब किंवा जुना लॅपटॉप. बाहेर लागलं तर फोनचं हॉटस्पॉट. व्हॉट्सअॅपचं एक खातं मुख्य फोनशिवाय आणखी चार यंत्रांवर चालतं, त्यामुळे तेही अडत नाही. शिवाय मुलीच्या अभ्यासासाठी बाबांचा फोन अडकून पडत नाही.

आणि ज्यांना फक्त फोनच हवाय?

आजीसाठी बटणांचा फोन घेणं म्हणजे तिला मागे ठेवणं, असं समजू नका. त्यावरून पैसेही पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेटशिवाय चालणारं 'यूपीआय १२३पे' सुरू केलं. त्यात एका व्यवहाराची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती पुढे १०,००० झाली.

संकटाच्या वेळीही तो कामाचा. केंद्राच्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला की मदतीचा कॉल जाण्याची सोय असायला हवी. स्मार्टफोनमध्ये त्यासाठी पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं. घाबरलेल्या हाताला काय सोपं, ते घरात एकदा बोलून घ्या.

फक्त मधलीच वस्तू घेताना सावध राहा. बटणांचा फोन, पण अॅपही चालणारा. २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन तसाच होता, १,५०० रुपये अनामत आणि 'कायओएस' नावाची प्रणाली. सप्टेंबर २०१८ पासून त्यावर व्हॉट्सअॅप आलं आणि गावोगाव लोकांनी त्यासाठीच तो ठेवला. जून २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सअॅप नव्याने घेणं बंद झालं. हातातला फोन धडधाकट, कॉल लागतात, पण ज्यासाठी घेतला तेच नाही. अॅपसाठी घ्यायचं असेल तर पूर्ण स्मार्टफोन घ्या, बोलण्यासाठी घ्यायचं असेल तर निव्वळ फोन घ्या.

जुना घेत असाल तर

चांगला 'खिशातला कॉम्प्युटर' कमी पैशात हवा म्हणून अनेक जण वापरलेला वरच्या दर्जाचा फोन घेतात. निवड वाईट नाही, फक्त पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढा. *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून तो क्रमांक, आणि मेसेज १४४२२ वर पाठवा. हीच तपासणी दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' वरही होते. क्रमांक ब्लॉक केलेला किंवा आधीच वापरात असलेला निघाला, किंवा परत आलेली माहिती हातातल्या मॉडेलशी जुळली नाही, तर तो फोन कितीही स्वस्त असला तरी तिथेच ठेवून या. जुळली, तर मग सेटिंगमध्ये जाऊन शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचं आहे ते बघा आणि किमतीचं बोलणं तिथून सुरू करा.