नागपूर : आपली जुनी राजधानी, दोन दिवसांत

बालाघाटच्या मराठी घरातून "नागपूरला जाऊन येतो" असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: दवाखाना की लग्नाची खरेदी? फार तर नातेवाइकांकडचे कार्य. फिरायला म्हणून आपण पचमढीला जातो, पुण्या-मुंबईला जातो, पण नागपूर बघायला जातो असे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेल्या गावाकडे माणूस बघत नाही, तसे हे झाले आहे. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत नागपूरला "राजधानी" म्हणत. लहानपणी मला वाटे, वय झाल्यामुळे म्हणत असतील. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि जुनी कागदपत्रे हाताखालून जाऊ लागली, तेव्हा कळले की आजोबांचे बरोबर होते. १९५६ पूर्वीच्या कितीतरी सरकारी कागदांवर नागपूरचेच नाव असते.

तेव्हा यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने सुचवतो: दोन दिवस काढा, मुलांना घ्या आणि बालाघाटच्या माणसाच्या नजरेने नागपूर बघा.

बहुतेक लोक झीरो माईलच्या खांबापासून सुरुवात करतात. चार घोडे, मध्ये खांब, आणि "हा भारताचा मध्यबिंदू" म्हणून फोटो. फोटो जरूर काढा, पण तो मुळात इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याचा, अंतरे आणि उंची मोजण्याच्या कामाचा दगड आहे. जवळच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे. खांबावर गावांची नावे आणि मैल आहेत: शिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर, चांदा, हैदराबाद. आपले नाव शोधू नका, ते नाही. बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ पासून शिवनी, मंडला आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून घडवला गेला आणि ज्या गावी मुख्यालय झाले त्याला त्या वेळी बुऱ्हा म्हणत.

खरे थांबायचे ते मध्यवर्ती संग्रहालयात. नागपूरकर त्याला अजूनही अजब बंगला म्हणतात. १८६३ साली ते सुरू झाले, म्हणजे आपल्या जिल्ह्याहूनही ते थोडे मोठे. तिथे मुलांना तांब्याच्या कुऱ्हाडी दाखवा आणि गुंगेरियाची गोष्ट सांगा. १८७० साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरे चारणाऱ्या पोरांना जमिनीतून वर आलेला तांब्याचा तुकडा दिसला. उकरून पाहिले तर एकावर एक निघतच गेले: तांब्याची ४२४ हत्यारे-अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही पत्रे गोल, काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारखे. तांब्याचे वजन ८२९ पौंड भरले, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेचार क्विंटल. ताम्रयुगातला एवढा मोठा साठा देशात क्वचितच कुठे एका जागी मिळाला असेल. अभ्यासक तो इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. साठा पुढे वाटला गेला. काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही इथे नागपुरात. लंडनला जाणे आपल्याला जमेल न जमेल, पण नागपूरला आपण वर्षातून चारदा जातो आणि त्या इमारतीवरून रिक्षा पुढे नेतो, हे मला खटकते.

गुंगेरिया एकटे नाही. तिरोडीला वाकाटक राजा प्रवरसेन दुसरा याचे ताम्रपट मिळाले. ते वाचून प्रसिद्ध केले नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी. याच वंशातल्या पृथ्वीषेण दुसऱ्याचे अपुरे राहिलेले ताम्रपट तर "बालाघाट ताम्रपट" म्हणूनच ओळखले जातात. ज्या वाकाटकांची राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धनला होती, त्यांचे दानपत्र आपल्या भागात निघते, यावरून हा पट्टा किती जुन्या काळापासून एकाच कारभारात होता ते ध्यानात येईल.

दुपारनंतर महालात जावे. "महाल" हे तिथल्या वस्तीचे नाव आहे, एका इमारतीचे नव्हे. नागपूर भोसल्यांनी वसवले असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ते वसवले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, बारा खेडी एकत्र करून. देवगड आजही आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात आहे. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला, त्यालाच आज गांधीसागर म्हणतात. चांद सुलतान वारल्यावर वारसांत भांडण लागले, रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि १७४३ च्या सुमारास राज्यच त्यांच्या हाती आले. गोंड राजाला मात्र त्यांनी मानाने आणि पेन्शन देऊन नागपुरात ठेवले. ही व्यवस्था मला इतिहासातली फार हुशारीची वाटते. जुन्या मालकाला घरातच ठेवून नव्याने घर चालवायचे.

आपल्यातल्या अनेक घराण्यांचे पूर्वज याच भोसल्यांच्या राज्यात वैनगंगेच्या खोऱ्यात आले. कोणी कमाविसदार म्हणून, कोणी कारकून, कोणी देवळाच्या पूजेसाठी. लांजीला त्या काळात किती महत्त्व होते, याची एकच खूण सांगतो. आज जो भंडारा जिल्हा आहे त्याचा कारभार १८२०-२१ पर्यंत लांजीहून चाले, मग मुख्यालय भंडाऱ्याला गेले. लांजीचा किल्ला बघताना हे आठवत जा.

रेल्वे स्टेशनलगतच्या टेकड्यांवर सीताबर्डी. इथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि भोसल्यांचे स्वतंत्र राज्य त्या दोन दिवसांत संपले. आप्पासाहेब पुढे कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. नावाचे राज्य आणखी थोडे चालले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. राण्यांचे दागिने, हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले गेले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तो लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी बघता येतो. तारीख बघून निघा.

दुसरा दिवस सिव्हिल लाइन्सचा. मी बांधकामातला माणूस, त्यामुळे हायकोर्टाच्या इमारतीपुढे माझे पाय जरा जास्तच रेंगाळतात. हेन्री लँचेस्टरने आखलेली ही घुमटाची इमारत जानेवारी १९४० मध्ये खुली झाली. हायकोर्ट १९३६ चे. आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीच्या, वाटणीच्या खटल्यांची शेवटची दाद तेव्हा इथे लागे. मुलांनी कॉलेज शिकायचे तर नागपूर, मंत्र्याला भेटायचे तर नागपूर. जवळच विधानभवन. १९५६ पर्यंत आपले आमदार तिथे बसत आणि मुख्यमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल.

१ नोव्हेंबर १९५६ ला हे सगळे एका दिवसात बदलले. फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ, हायकोर्ट जबलपूर. भोपाळचे अंतर नागपूरच्या दुपटीहून जास्त. हिंदी राज्यात राहून आपले वाईट झाले असे मी म्हणणार नाही. माझे पोट याच राज्याच्या नोकरीवर चालते, आणि शेजारच्या पोवार, गोंड, हिंदी भाषिक मंडळींनी आपल्याला कधी परके मानले नाही. पण मराठी शाळा, मराठी वाचनालय, मराठी कागद, मराठी वर्तमानपत्र हे जे राजधानीबरोबर आपोआप येत होते, ते नंतर आपल्याला वर्गणी काढून चालवावे लागले. हे आपले मंडळ त्यातलेच. आज आपली मुले घरात मराठी बोलतात आणि ही स्मरणिका वाचताना अडखळतात, त्याची सुरुवात त्या तारखेपासून आहे.

दीक्षाभूमीला जाल तेव्हाही ही तारीख मनात असू द्या. डॉ. आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. त्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशचीच राजधानी होते, तसे राहायला अठरा दिवसही उरले नव्हते.

राजधानी गेली तरी सगळे धागे तुटले नाहीत. भरवेली, उकवा, तिरोडीचे मँगनीज खणणाऱ्या मॉयलचे मुख्य कार्यालय आजही नागपुरात आहे. आणि मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय तर आपल्यासाठीच काढल्यासारखे आहे. २००२ मध्ये ते सुरू झाले. १९०३ साली गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरकडे धावू लागलेली अडीच फुटी छोटी लाईन पुढे जबलपूरपर्यंत पोचली आणि शंभर वर्षे आपण तिच्यातच बसून गोंदियाला गाडी बदलत नागपूर गाठले. आता मोठी लाईन झाली. मुलांना ते छोटे डबे खेळण्यासारखे वाटतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तिथे बसायला जागा शोधून द्या, ते लवकर निघणार नाहीत.

कधी जावे? आपले विसर्जन झाले की लगेच पितृपक्षात महालात भोसल्यांचा हाडपक्या गणपती बसतो. बंगालच्या स्वारीवरून चिमणाबापू भोसले परतले तोवर गणेशोत्सव संपून गेला होता, म्हणून त्यांनी पितृपक्षातच गणपती बसवला, अशी कथा सांगतात. ते दर्शन घेऊन अजब बंगल्याकडे वळा. तो सोमवारी बंद असतो.