बसते, पण जुळत नाही : सर्व्हरच्या मेमरीची गोष्ट

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला मदरबोर्डाशी काय देणंघेणं, असं काहींना वाटेल. पण 'सुसंगत' हा शब्द आम्ही वर्गात आयुष्यभर वापरला, आणि तो नेमका कुठे अडतो हे बघायचं असेल तर जुन्या सर्व्हरसाठी रॅम शोधायला निघावं. पट्टी स्लॉटमध्ये नीट बसते, दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून मिटतात, आणि यंत्र सुरूच होत नाही. याला इतिहास आहे.

१९४७ पासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे गणिती रिलेवर चालणारा संगणक वापरीत. शनिवार-रविवारी तिथे माणूस नसे. यंत्राला चूक सापडली की ते हातातलं काम टाकून पुढच्या कामाकडे वळे. सोमवारी येऊन बघावं तर यांचं काम तसंच पडलेलं. हॅमिंग वैतागले. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलं. मूळ बिटांसोबत थोडे जादा बिट अशा रीतीने ठेवायचे, की एखादा बिघडला तर कोणता ते हिशेबानेच निघावं. सर्व्हरमधली 'ईसीसी' मेमरी याच कल्पनेच्या कुळातली. ६४ बिटांमागे ८ राखणदार, एकूण ७२.

पुढे सिलिकॉनच्या चिप्स आल्या. इंटेलची ११०३ ही १९७० सालची. आता हलणारे भाग नाहीत, म्हणजे चुकाही नाहीत? तसं झालं नाही. १९७८ मध्ये इंटेलच्याच टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवलं, की चिपच्या वेष्टणात युरेनियम-थोरियमचा अत्यल्प अंश असतो आणि त्यातून निघणारे अल्फा कण साठवलेला बिट पालटवू शकतात. चिप शाबूत, मजकूर बदललेला! आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

दुसरा धागा ओझ्याचा. सर्व्हरला मेमरी भरपूर लागते, आणि प्रत्येक चिप कंट्रोलरच्या तारांवर थोडा भार टाकते. तो वाढला की संकेत अस्पष्ट होतात. म्हणून पट्टीवरच एक मध्यस्थ चिप बसवली. पत्ता आणि आज्ञा आधी ती घेते आणि एक ठोका उशिराने पुढे देते. ही 'रजिस्टर्ड' मेमरी. मध्यस्थ नसेल तर 'अनबफर्ड'. समोर कोण आहे ते कंट्रोलरला पेललं पाहिजे.

आता हे ठरवतं कोण? जेडेक ही १९५८ साली स्थापन झालेली संस्था. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या तिथे एका टेबलाशी बसून पिना आणि खाचा ठरवतात. खाच असते चुकीची पट्टी बसू नये म्हणून. डीडीआरला १८४ पिना होत्या; डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोघांनाही २४०, पण खाच सरकवलेली. २००६ मध्ये दोन प्रोसेसरच्या झिऑन बोर्डांवर 'फुली बफर्ड' प्रकार आला. चिप्स डीडीआर२च्याच, पिना २४०च, खाच मात्र वेगळी, आणि मधली चिप चांगलीच तापणारी. २००९च्या झिऑनने तो सोडून दिला. त्या पट्ट्या आज त्या प्रकारासाठी बनवलेल्या यंत्रांखेरीज कुठेच चालत नाहीत.

पण रजिस्टर्ड आणि अनबफर्ड यांच्यात डीडीआर३ला खाच वेगळी केली नाही, डीडीआर४लाही नाही. काही बोर्ड दोन्ही प्रकार घेतात, त्यांची सोय झाली हे खरं. तरी आमच्या मते ही कंजुषीच. डीडीआर५मध्ये शेवटी खाच सरकवली. आपले नैयायिक म्हणत, वाक्याला आकांक्षा आणि सन्निधी असून भागत नाही, योग्यताही लागते. विस्तवाने शिंपडतो म्हटलं तर व्याकरण बसतं, अर्थ बसत नाही. ही पट्टी तशीच.

आमच्या परिचयाच्या एका छोट्या ग्रंथालयात झिऑन ई३चा सर्व्हर आहे. जुन्या दप्तरांची स्कॅन त्यावर आहेत. एका हितचिंतकाने डेटा सेंटरमधून निघालेल्या पट्ट्या आणून दिल्या. यंत्र उठेना. सर्व्हर गेला असं ठरवून मंडळी तो भंगारात काढायला निघाली होती! ई३ला डीडीआर३ अनबफर्डच लागते, आणि मोठ्या सर्व्हरमधून निघते ती बहुतेक रजिस्टर्ड. म्हणून स्वस्तात मिळते तीही तीच.

मग कुणी सुचवलं, डेस्कटॉपची साधी रॅम घाला, चालून जाईल. काही बोर्डांवर चालतेही. पण स्कॅन डिस्कवर जाण्याआधी मेमरीत एक बिट पालटला, तर डिस्क ती चूक इमानाने जपते आणि बॅकअपही तिचीच नक्कल करतो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांवर चुका नोंदल्या गेल्या होत्या. तिथे ईसीसी होती, म्हणून त्या मोजता तरी आल्या.

तेव्हा लेबल वाचा. 'पीसी३-१२८००'च्या शेवटी 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'ई' म्हणजे अनबफर्ड ईसीसी, 'यू' म्हणजे ईसीसीही नाही. 'पीसी३एल' असेल तर १.५ऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारी. लेबल फाटलं असेल तर चिप्स मोजा, ईसीसीत त्या बहुधा नऊच्या पटीत असतात. रजिस्टर्ड असेल तर मध्ये एक वेगळीच चिप दिसते. ग्रंथालयाला 'ई'च्या ८ जीबीच्या चार पट्ट्या लागल्या, एकूण ३२, त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. शोधायला दोन महिने गेले. आणून दिलेल्या 'आर' पट्ट्या अजून कपाटात आहेत. ई५चा बोर्ड कुणाकडे असेल तर सांगा.